कमळच्या दुपारी

कमळचं काळीज पुन्हा चालू झालं त्या वेळी हिरामण भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या सलूनमध्ये मान मागे टाकून बसला होता आणि त्याच्या गळ्यावर वस्तरा होता. अशा वेळी शहाण्या माणसाने श्वाससुद्धा बेताने घ्यावा. पण छातीवरच्या खिशात फोन थरथरला, आणि हिरामणने पांघरलेल्या कापडाखालून हात काढून, मान न हलवता, डोळे तेवढे खाली लोटून पाहिलं. ‘नमस्कार कमळ,’ फोनवर लिहिलं होतं, ‘बऱ्याच दिवसांनी भेटलात. आज तुमच्या हृदयाची लय छान आहे.’ खाली एक लाल ठिपका फुगत होता, आकसत होता, पुन्हा फुगत होता. न्हाव्याने वस्तरा वर उचलला. ‘चाचा, हिलो मत. किसका फोन है, चाची का?’ ‘हां,’ हिरामण म्हणाला. साबणाचा फेस ओठांत गेला, कडू लागला, आणि त्याच्या मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाला पदरचं काही न लावता उत्तर दिलं.

हिरामणची ख्याती तशी निराळी होती. अंजूरच्या खाडीतल्या एका चिंबोरीने आपला जेवणाचा डबा नांगीत धरून पळवला आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून बांधावर आणून ठेवला, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं की गावातल्या पोरांना त्या चिंबोरीचा स्वभाव पाठ होता. मानकोलीच्या पुलावरून पंख्यांनी भरलेला कंटेनर पाण्यात पडला, ते पंखे खाली फिरत राहिले आणि त्या साली भरती उशिरा आली, हीही थाप त्याचीच. लोक खुर्ची जवळ ओढून ऐकायचे, मांड्या थोपटायचे, आणि उठताना ‘नाना, आज जरा कमी पडलं’ असं म्हणून जायचे. कमळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकायची. खोटं आहे असं तिने कधी म्हटलं नाही, खरं आहे असंही नाही. ‘झालं? आता भात खा,’ एवढंच म्हणायची. आता ह्या माणसाने घरी जाऊन सांगितलं असतं की माझ्या मेलेल्या बायकोचं काळीज आज सकाळी सुरू झालं, तर अंजूर हसलं असतं, आणि हसून झाल्यावर म्हणालं असतं की नाना, ही मात्र भारी हाय. म्हणून हिरामण गप्प राहिला. आयुष्यभर खोट्याला गिऱ्हाईक मिळालं आणि खरं हाती आलं तेव्हा ते खिशात घालून हिंडावं लागलं.

तसं त्याच्या डोक्याला सगळं कळत होतं. डोकं साधं होतं, अडाणी नव्हतं. मुलगा हितेश मानकोलीच्या गोदामात ऑफिसला होता, आणि तिथून आदल्या दिवाळीला मिठाईऐवजी मनगटावर बांधायचे पट्टे आले होते, घरातल्या प्रत्येकाला एक. ठोके मोजणारे, चालणं मोजणारे, झोप मोजणारे. घरच्या म्हाताऱ्यांना बाहेर काही झालं तर कळावं म्हणून त्यांत बारकं सिमही होतं. हितेशने सगळ्यांची नावं बापाच्या फोनमध्ये घालून दिली. वर लिहिलं ‘माझे कुटुंब’. हिरामणचा पट्टा आठवड्याभरात खणात गेला, हितेशचा आणि सून मृणालीचा त्याच्या पाठोपाठ. कमळने तेवढा घातला, कारण तो हिरवा होता आणि चुड्यात शोभला. भांडी घासताना बांगड्यांबरोबर तोही वर सारायची. उन्हाळ्यात तिला कावीळ झाली तेव्हाही तो हातात होता, आणि ज्या सकाळी ती गेली त्या सकाळी फोनवर निरोप आला होता की कमळ, काल तुम्हाला गाढ झोप लागली, अभिनंदन. मग पट्टा तिच्या फोटोपुढे पडून राहिला. पुढे पितृपक्ष आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने नवमीला सवाष्ण बसवतात. तिचे पाय धुवायचे, तिला जेवू घालायचं, आणि जी गेली तिच्या हातची, अंगची वस्तू तिच्या ओटीत घालायची. शेजारच्या भिंतीपलीकडे चुलतभावाचा मुलगा जीवन राहत होता, त्याची बायको सुकन्या सवाष्ण बसली. सोनं लेकीकडे गेलं होतं. मृणालीने साडी, खण, हिरव्या बांगड्या ताटात ठेवल्या आणि हिरामण फोटोपुढचा तो पट्टा घेऊन आला, चार्जरसकट. ‘शेवटपर्यंत हातात तिच्या हाच होता,’ तो म्हणाला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बाईच्या मनगटावरचं ते सौभाग्याचं लेणं, मग ते काचेचं असो की रबराचं. पट्ट्याच्या पोटात अजून कमळचं नाव आहे, हे त्या ताटाशी बसलेल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. सुकन्येने पट्टा कपाळाला लावला, पदरात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना घातला.

हे सगळं डोक्याला ठाऊक, पण ठिपका डोक्यात नव्हता, तळहातावर होता. हिरामणची शेतं गोदामाखाली गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. भाडं येत होतं, पोट चाललं होतं, आणि जिथे पूर्वी त्याचा भात झोडायचा खळा होता तिथे गोदामाच्या पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून तो बसायचा. पूर्वी तिथे त्याच्याभोवती कोंडाळं असे. आता तो एकटा बसू लागला, फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, पाखरू धरावं तसा. सकाळी ठिपका संथ असायचा. मग एकदम घाईत यायचा, म्हणजे पाणी भरणं, डबे, रिक्षा गाठणं. हिरामणला वाटायचं, कमळच धावपळ करतेय. चाळीस-एक वर्षं त्याने ह्या बाईच्या हातचं खाल्लं, पण तिचं मनगट बोटांत धरून तिच्या आत काय चाललंय ते एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं हेच कुठे ठाऊक होतं? आता तो पाहत होता. कंटेनर मागे घेताना पोरं शिट्ट्या मारत, डिझेलचा वास तापून वर येई, पत्रा उन्हाने टणटण वाजे, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध त्याच्या ओंजळीत ती चालू असे. कधी निरोप यायचा: ‘कमळ, तुम्ही फार वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला.’ हिरामण तो निरोप वाचून खुर्चीत ताठ व्हायचा आणि नकळत घराच्या दिशेने बघायचा. फोनवर बाकीचीही पानं होती. झोपेचं होतं. एक गुलाबी फुलाचं होतं, महिन्यातल्या चार तारखा रंगवलेलं; त्याने एकदाच ते उघडलं, काय आहे ते कळताच आंघोळीच्या खोलीचं दार चुकून लोटल्यासारखं मिटलं, आणि पुढचा सगळा दिवस त्याचे कान तापलेले राहिले. तेव्हा तरी थांबायला हवं होतं. पण ते पान सुकन्येचं आणि ठिपका कमळचा, अशी त्याने मनातल्या मनात वाटणी केली आणि बसला.

एका संध्याकाळी हितेश हात धुता धुता म्हणाला, ‘बाबा, गंमत ऐका. ऑफिसातली मॅडम म्हणाली, तुमच्या आईची तब्येत आता एकदम झकास दिसते. मी म्हटलं मॅडम, आई तर गेली. तिला वाटलं गावाला गेली.’ मृणाली हसली नाही. ‘म्हणजे ऑफिसला दिसतं सगळं?’ तिने विचारलं. ‘पट्टे त्यांचेच आहेत, दिसणारच. आईचा कुणाकडे आहे आता?’ ‘सुकन्येकडे.’ ‘मग सांगून टाकतो उद्या,’ हितेश म्हणाला आणि ताटावर बसला. सांगितलं मात्र नाही, बहुधा कामाच्या घाईत राहून गेलं. हिरामणने भातात बोटं घातली आणि बराच वेळ घास केला नाही. त्याला मॅडमचा राग आला. कमळ त्याची होती, आणि एक परकी बाई कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून तिला बघत होती.

आणि मग त्याला ती दुपार दिसली. जेवणाची वेळ टळली की ठिपका उसळायचा. चढ चढल्यासारखा नाही. चालणं तर शून्य, बाई जागच्या जागी बसलेली, आणि काळीज मात्र दरवाजा ठोठावल्यासारखं. थोड्या वेळाने उतरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. फोन त्याची रेघ काढून दाखवायचा: सपाट रान, मधेच एक टेकाड, पुन्हा सपाट. सुकन्या जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात पॅकिंगला होती, खोकी चिकटवायची. पॅकिंगला उभं राहायचं असतं. मग ती बसते कुठे, आणि बसल्या बसल्या कशाला घाबरते? हिरामणच्या डोक्यात, ज्या डोक्याने चिंबोरीला डबा घासायला लावला होता, त्या डोक्यात आता भलतीच चित्रं यायला लागली. एखादा साहेब. आतून बंद केबिन. मग ती चित्रंही निघून जायची आणि त्याहून वाईट काहीतरी यायचं: कमळ, एका जागी बसलेली, हात मांडीवर, समोर काय आहे ते दिसत नाही, पण तिला ते दिसतंय. तिकडे, जिथे कुठे ती आहे तिथे, रोज दुपारी कोण येतं तिच्यासमोर?

त्या टेकाडावर बोट फिरवताना एकदा बोट घसरलं आणि पानं मागे पळाली; पाऊस मागे पडला, उन्हाळा मागे पडला, आणि कमळ जिवंत होती त्या दिवसांवर येऊन ती थांबली. हिरामण चष्मा पुसून बघत बसला. ह्या रेघा तिच्या. डोक्याने आणि तळहातानेही तिच्याच. आणि तिच्या दुपारीही टेकाड होतं. रोज नव्हे, पण आठवड्यातून बऱ्याचदा. जेवणं झाल्यावर, चालणं शून्य, बसलेली, काळीज उधळलेलं. त्या वेळी हिरामण घरातच असायचा. मधल्या खोलीत चटईवर, भिंतीकडे पाय करून घोरत. तिच्यापासून एका दाराच्या अंतरावर. दुपारी जाग आली की चहा तयार असायचा, कमळचा चेहरा रोजचा, पदर रोजचा, आणि तिने विचारलेलं असायचं, ‘झोप लागली का?’ त्याला वाटायचं काळजीने विचारते. आता त्या प्रश्नाचं तोंड दुसरीकडेच वळल्यासारखं झालं. तो झोपला की नाही हे तिला कशाला हवं होतं?

त्याने खणातून स्वतःचा पट्टा काढला आणि मनगटावर आवळला. मृणालीला वाटलं, सासरे तब्येतीकडे लक्ष द्यायला लागले. हिरामण पत्र्याखाली खुर्चीत बसून एकेक गोष्ट आठवून बघत होता आणि रेघेला काय होतं ते तपासत होता. ज्या दिवशी शेताच्या कागदावर सही केली तो दिवस आठवला, रेघ चढली. लग्नानंतर पहिल्यांदा होडीतून पलीकडच्या काठाला जाताना कमळ मधेच उभी राहिली, होडी कलली, आणि सगळे ओरडत असताना ती एकटीच हसत होती, ते आठवलं. रेघ तेवढीच चढली. आईचं जाणं आठवलं, तेवढीच. तरुणपणी खाडीपलीकडच्या एका मुलीला बघायला म्हणून उगाच मासळीची टोपली घेऊन गेला होता, ते आठवलं आणि ह्या वयात स्वतःशीच लाजला, तर तेवढीच. भीती असो, मौज असो, रडू असो, टेकाड एकाच मातीचं. पट्ट्याला एवढंच कळत होतं की आत काहीतरी झालं. काय झालं ते बाईबरोबर गेलं. हिरामणने पट्टा सोडला तेव्हा मनगटावर वळ उमटला होता आणि त्या वळाखाली त्याची त्यालाच अनोळखी अशी एक नस उडत होती.

त्या भ्रमिष्टपणातच त्याच्या हातून ते घडलं. जीवन ओट्यापुढे मोटरसायकल पुसत होता. मानकोलीला फोर्कलिफ्ट चालवायचा तो; लोखंडी सोंडांवर माल उचलून गोदामाच्या आढ्यापर्यंत नेणारी ती गाडी, आणि ती चालवणाऱ्याची गावात वेगळी ऐट. ‘जीवन,’ हिरामण म्हणाला, ‘सुकन्येला दुपारचं कामावर काय होतं रे?’ जीवनचा फडका थांबला. ‘काय होतं म्हणजे?’ ‘न्हाय, म्हणजे... काळीज धडधडतं का तिचं? बसल्या जागी?’ ‘तुम्हाला कोण बोललं, नाना?’ ‘कोण न्हाय. आपलं विचारलं.’ ‘आपलं कसं? पूर्ण्याला तुमच्या वळखीचं कोण हाय? कुणी काय बघितलं?’ हिरामणकडे कधी उत्तराचा तुटवडा नसे; त्या दिवशी तो चष्मा काढून पुसू लागला. जीवनने त्याच्याकडे बघितलं, मग घराच्या दाराकडे बघितलं, आणि फडका बादलीत टाकून आत गेला. भिंत सामायिक होती. हिरामणला शब्द कळले नाहीत. एकाचा आवाज चढत गेला आणि दुसरीचा आलाच नाही, तेवढं कळलं. फोन खिशात थरथरला तेव्हा त्याने तो बाहेर काढला नाही. छातीवर खिशातूनच त्याला ते जाणवत राहिलं.

सुकन्या आली ती तिच्या सुट्टीच्या दिवशी, मृणाली बाजारात गेली होती तेव्हा. बसली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली. ‘नाना, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?’

‘मी कायच न्हाय सांगितलं गं. विचारलं फक्त.’

‘तुमच्या विचारण्यापायी घरात चार दिस चूल धड पेटली न्हाय. ह्यांना वाटतं माझं पूर्ण्याला कुणाशी तरी हाय. उद्यापास्न कामावर जायचं न्हाय म्हणतात.’ तिचा आवाज सपाट होता, खूप वेळा घडी घातलेल्या कपड्यासारखा. ‘मना फक्त एवढं सांगा, तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या लायनीतल्या बाईने?’

हिरामणने फोन पुढे केला. सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. सुकन्या वाकून बघत राहिली. कमळचं नाव, त्याखाली ठिपका, आणि ठिपका तिच्याच छातीच्या तालावर फुगतोय हे तिला हळूहळू कळत गेलेलं त्याने बघितलं. तिचा उजवा हात गेला आणि डाव्या मनगटावर बसला. पाणवठ्यावर अवचित कुणी आलं की बाई ओला पदर ओढून घेते तसा.

‘हे काकीचं नाव हाय,’ ती म्हणाली.

‘नाव तिचं. बाकी तुझं.’

‘कवापास्न?’

‘नवमीपास्न.’

‘माझं सगळं हाय ह्यात?’ तिने बोट लांबवलं आणि फोनला न लावताच मागे घेतलं. ‘झोपते कवा, बाजूला बसते कवा, सगळं?’

‘मी ठोकाच बघायचो, पोरी. देवाशपथ. मना तो तिचा वाटायचा.’

‘तुम्हाला वाटायचा तिचा. धडधडायचं माझं.’ आणि मग बांध फुटल्यासारखं नाही, उलट मोजूनमापून, तिने सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत एक यूपीवाला ऑपरेटर तिला फोर्कलिफ्ट शिकवत होता. लायनीतल्या दोघींना, दुसरीने सोडलं, ही टिकली. ‘माल वर न्यायचा असतो ना नाना, एकदम वरच्या फळीवर, आणि मान मागे टाकून बघायचं असतं. काळीज तोंडात येतं. वाटतं आता पडलं, आता सगळं अंगावर. आणि ते बरोबर जाऊन बसतं. तवा जे वाटतं ना...’ ती थांबली. ‘ह्यांची घरात तेवढीच एक ऐट हाय. बायकोला पण तेच येतं म्हटलं की काय होईल तुम्हीच बघा. दिवाळी झाली की परीक्षा हाय. पास झाले की मीच सांगणार होते, पेढा हातावर ठेवून. आता पेढा ऱ्हायला बाजूला.’

हिरामणला हसू आलं, रडू आलं, आणि रेघ दोन्हीला सारखीच चढली असती हेही मनात आलं. एवढंच होतं ते. साहेब नव्हता, केबिन नव्हती. एक बाई लोखंडाच्या सोंडेवर जग उचलून आढ्याला लावत होती. मग कमळची टेकाडं? ती कशाची? ती विचारायची जागा नव्हती, वेळ तर नव्हतीच, पण माणूस भूक लागल्यावर मयताच्या घरीही चुलीकडे बघतोच. त्याने बोटाने पानं मागे सारली. ‘हे बघ,’ तो म्हणाला. ‘हे तिचं स्वतःचं. मी झोपायचो तवाचं. तू यायचीस ना दुपारची तिच्याकडे? काय करायची ती?’

सुकन्येने पदर खांद्यावर सारखा केला. पण फोनच्या कोपऱ्यात ठिपका होता, आणि ठिपका उसळला. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही, पापणी हलली नाही, आणि हिरामणच्या हातात तो लाल ठिपका नुसता पळत सुटला. दोघांनीही तो बघितला.

‘तुला ठाऊक हाय,’ हिरामण म्हणाला.

सुकन्येने पट्ट्याची कडी काढली. पट्टा मनगटावरून सुटला, त्याच्या पोटातला हिरवा उजेड क्षणभर हवेत चमकला आणि विझला. ठिपका थांबला. जिथे तो होता तिथे एक आडवी रेघ आली. कमळ गेली तेव्हा हिरामण दवाखान्याबाहेर रिक्षावाल्याशी बोलत होता; जाताना त्याने तिला बघितलं नव्हतं. आता बघितलं.

‘आता विचारा,’ सुकन्या म्हणाली.

‘रडायची का ती? एवढं सांग. माझ्यापायी रडायची?’

‘ते काकीचं हाय, नाना.’

‘मी नवरा हाय तिचा.’

‘व्हय. आणि घरातच असायचात.’

हिरामणने ओठ ओले केले. पुढचं बोलताना त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखा वाटला. ‘असं करू. मी जीवनला गप करतो. फोर्कलिफ्टचं ह्या तोंडातून निघणार न्हाय. तू मना एवढं एक सांग.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं. ‘न्हाय तर?’ तिने विचारलं. ‘न्हाय तर सांगाल त्यांना? मग सांगा. जा, आत्ता सांगा, गाडी पुसतायत. सुकन्या फोर्कलिफ्ट चालवते म्हणून सांगा. माझं हाय ते, गेलं तर माझं जाईल. काकीचं माझ्याकडून येणार न्हाय.’

हिरामणने फोन खिशात टाकला. म्हणाला, ‘मग तो पट्टा तरी ठेव इथं.’

‘ओटीतलं माघारी देतात का कुठं? दिलं तर काकी उंबऱ्यातच अडकेल. ना घरात ना बाहेर.’ तिने पट्टा मुठीत धरला होता. ‘आणि मना आवडतो तो. मी घालणार हाय. पण तुम्ही माझ्या मनगटावरनं उतरा, नाना.’

ती गेली. हिरामण चपला न घालताच ओट्यावर आला. जीवन खरंच गाडी पुसत होता. पुसण्यासारखं तिच्यावर काही राहिलं नव्हतं. ‘जीवन,’ हिरामण म्हणाला, ‘त्या दिवशी मी बोललो ते सपनातलं होतं. कमळ आली होती. म्हणाली, सुकन्येला माझ्या नावाने बसवली, आता तिला उपाशी ठेवू नका. दुपारचं तिचं काळीज उडतं, डबा पुरत न्हाय तिला.’ जीवनने मान वर केली. ‘मग तवाच नाय का सांगायचं, नाना? मी काय काय बोलून बसलो तिला.’ ‘मी सांगितलं की हसता तुम्ही सगळे.’ ‘तुमच्या चिंबोरीला हसतो. काकीच्या सपनाला कोण हसेल?’ त्याने फडका पिळला, पिळतच राहिला. मग खालच्या आवाजात विचारलं, ‘बरी दिसत होती का काकी?’ ‘बरी होती,’ हिरामण म्हणाला. आयुष्यात त्याने मारलेली ही सगळ्यात लहान थाप, ना तिला शेपूट ना शिंग, आणि नेमकी हीच कुणी हात जोडून घेतली.

मृणाली बाजारातून आली तेव्हा त्याने फोन तिच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं, फोर्कलिफ्ट सोडून. तिने पिशवी तशीच ठेवली, कपाळाला आठी घातली, इकडे तिकडे बोटं फिरवली. ‘पट्टा नुसता सुटत नाही, बाबा. माणूसच काढावं लागतंय. आणि काढलं की मागचं सगळं पुसतं. आईंचं सगळं, पहिल्या दिवसापासनचं.’

‘दवाखान्यातलं पण?’

‘सगळं. थांबा की जरा. हे आले की कंपनीत विचारतील, काही ठेवता येतं का.’

हितेश येईपर्यंत, कंपनी सांगेपर्यंत, सुकन्या पट्टा पुन्हा घालेल आणि ठिपका पुन्हा सुरू होईल. आणि तो बघेल. बघणार नाही असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं आणि ते त्यालाच पटलं नाही. दुसऱ्यांना पटवायची सवय, स्वतःला पटवायचं राहूनच गेलेलं. ‘कंपनीकडचं पण पुसेल का?’ त्याने विचारलं.

‘ते काय माहीत. आपल्याकडचं जाईल.’

म्हणजे कुठल्यातरी थंड खोलीतल्या यंत्रात कमळच्या दुपारी पडून राहतील. कुणी उघडल्या तरी त्याला त्यात टेकाडं दिसतील, आणि टेकाडं तर कुणाच्याही रेघेत असतात. हिरामणने फोन हातात घेतला. मृणालीने दाखवलेल्या जागी बोट टेकवलं. फोनने विचारलं: ‘कमळ यांना कुटुंबातून काढायचे आहे?’ खाली दोन चौकोन होते. मृणालीने तोंड फिरवलं आणि पिशवीतली भाजी काढू लागली. हिरामणने मागची पानं शेवटचं बघून घ्यावीत असं वाटून बोट उचललं, तसंच धरलं, आणि न बघताच खाली टेकवलं. आवाजसुद्धा आला नाही. ‘माझे कुटुंब’मध्ये तीन नावं उरली, तिघांचेही पट्टे खणात.

जेवण झालं. मृणाली माडीवर गेली. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, गोदामांवरची पोरं जेवायला गेली होती, रस्त्यावर कंटेनर गपगार उभे होते. कमळ गेल्यापासून दुपारी डोळ्याला डोळा न लागलेला हिरामण मधल्या खोलीत आला, चटई पसरली आणि आडवा झाला. ह्या खेपेला त्याने तोंड भिंतीकडे केलं. गिलाव्याला जुनाट गारवा होता. तो कपाळाला लागला. मागे स्वयंपाकघरात काहीतरी सरकलं, किंवा पत्रा तापून वाजला. हिरामणने मान वळवली नाही. त्याने डोळे मिटून घेतले आणि घोरायला सुरुवात केली, खोटंच, पण चांगलं मोठ्याने, दारापलीकडे नीट ऐकू जाईल असं.